गोव्यात ब्लॉकचेनवर फंड उभारणाऱ्यांना खुलं पत्र: पैसे गेल्यावर उत्तर कोण देणार?

मंडळी, नमस्कार.

मी फोंड्यात कर सल्लागार म्हणून काम करते. दुकानदार, शिक्षक, सुपारी-काजूचे बागायतदार, जहाजावर नोकरीला असलेली मुलं, अशा लोकांची विवरणपत्रं भरणं हा माझा रोजचा व्यवसाय. गेल्या पावसाळ्यापासून यातले काही जण जवळपास एकसारखी फाइल घेऊन येतात. तुमच्यापैकी काहींनी उभारलेल्या एका गुंतवणूक फंडाच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधून, म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक नोंदवहीवर आपोआप चालणाऱ्या कोडमधून, एका रात्रीत पैसे गेले. त्या फाइलमध्ये उरले आहेत ते फोनवरून छापून आणलेले स्क्रीनशॉट. फंडाचं नाव मी इथे लिहीत नाही. तपास चालू आहे आणि चोर कोण हे शोधणं पोलिसांचं काम आहे. माझं पत्र तुम्हाला आहे. चोरीनंतरच्या दिवसांत या लोकांशी तुम्ही जसे वागलात, ते काही कोणत्या हॅकरने तुमच्याकडून करवून घेतलेलं नाही.

चोरी उघडकीस आली त्या सकाळी तुमच्या टेलिग्राम गटावर दोन वाक्यं आली. एक, कोडमध्ये जे लिहिलं होतं तेच घडलं आणि कोड हाच कायदा. दुसरं, ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार कोणालाच मागे घेता येत नाही, त्यामुळे आमचेही हात बांधलेले आहेत. त्यानंतर गटावर सभासदांना लिहिता येण्याची सोयच बंद झाली. यातलं दुसरं वाक्य लोकांनी आधी ऐकलेलं होतं. पैसे गोळा करताना, फर्मागुडीच्या एका हॉलमध्ये, तेच वाक्य भरवशाची खूण म्हणून सांगितलं गेलं होतं: यात मॅनेजर नाही, डायरेक्टर नाही, मधल्यामध्ये कोणी हात मारू शकत नाही. पैसे घेताना जी हमी होती तीच पैसे गेल्यावर सबब झाली.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. ही हमी मुळात खरी नव्हती. ती खरी नाही हे तुमच्या क्षेत्राला 2016 पासून माहीत आहे. म्हणून ती यापुढे कोणालाही देऊ नका. वेळ आली तर हात कोण घालणार, कोणाच्या परवानगीने आणि कोणासाठी, हे पैसे घेण्याआधी कागदावर लिहून द्या.

2016 सालचं प्रकरण तुम्हाला तोंडपाठ असेल. पण हे पत्र तुमच्या गुंतवणूकदारांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून ते नीट मांडते.

त्या वर्षी 30 एप्रिलला इथेरियम या ब्लॉकचेनवर ‘द डाओ’ नावाचा फंड सुरू झाला. त्याचा कोड जर्मनीतल्या स्लॉक.इट या कंपनीच्या लोकांनी लिहिला होता. लोकांनी इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, द्यायचं, बदल्यात डाओचे टोकन, म्हणजे हिश्शाच्या डिजिटल नोंदी, घ्यायचे, आणि कोणत्या प्रकल्पात पैसे घालायचे ते टोकनधारकांनी मतं देऊन ठरवायचं, अशी योजना होती. महिन्याभरात सुमारे 1 कोटी 20 लाख इथर जमले, तेव्हाच्या भावाने साधारण 15 कोटी डॉलर. गोव्यातल्या माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. आपली गावकारी अशाच पायावर उभी होती: जमीन गावाची, निर्णय गावकरांच्या सभेत, आणि वर्षाकाठी उत्पन्नातला वाटा, म्हणजे जोण, ज्याच्या त्याच्या हातात. डाओमध्ये जोण वाटणाऱ्या कारकुनाच्या जागी कोड बसवला होता.

चूक त्या कारकुनाच्या कामाच्या क्रमात होती. ज्याला फंडातून बाहेर पडायचं आहे त्याने आपला वाटा वेगळा काढून घ्यावा, अशी सोय कोडमध्ये ठेवली होती. मात्र कोड आधी वाटा द्यायचा आणि मग वहीत त्या माणसाच्या नावापुढची शिल्लक शून्य करायचा. घेणाऱ्या पत्त्यावर माणसाऐवजी दुसरा कॉन्ट्रॅक्ट असेल, तर इथेरियमवर पैसे पोचताक्षणी त्या कॉन्ट्रॅक्टचा स्वतःचा कोड चालू होतो. हल्लेखोराने आपल्या कोडमध्ये एवढंच लिहून ठेवलं की पैसे आले की पुन्हा माग. वहीत नोंद व्हायच्या आत पुन्हा मागणी, पुन्हा वाटप, पुन्हा मागणी. 17 जून 2016 ला अशा रीतीने सुमारे 36 लाख इथर बाहेर काढले गेले, तेव्हाच्या भावाने 5 कोटी डॉलरच्या वर. या दोषाला रीएन्ट्रन्सी म्हणतात. आधी नोंद आणि मग पैसे, असा क्रम ठेवला असता तर हे टळलं असतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगते आहे असं समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका बागायतदाराचा मुलगा संगणक शिकलेला आहे. त्याने माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तुमच्या फंडावरचा हल्ला एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, उघडून दाखवला. त्या रात्रीच्या व्यवहारांपैकी शेवटचा एकच. पण त्याच्या पोटात एकाखाली एक ओळी होत्या: तीच रक्कम, तोच पत्ता, पुन्हा तीच रक्कम, तोच पत्ता. तो बोटाने पान वर सरकवत राहिला तरी ती यादी संपेना. ती थांबली ते फंडात तेवढी रक्कम उरली नाही म्हणून. वडील शेजारी बसून बघत होते. त्यांनी विचारलं, “पहिल्यांदा दिल्यावर दुसऱ्यांदा कसे दिले?” तुम्ही त्या खोलीत असायला हवं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं.

2016 मध्ये हा दोष नवा वाटला असेल, आज तो नवा नाही. सॉलिडिटी ही इथेरियमवर कोड लिहायची भाषा शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला शिकवतात: आधी तपासणी, मग नोंद, मग बाहेरची देवाणघेवाण. ओपनझेपेलिन या तयार कोडच्या संग्रहातलं रीएन्ट्रन्सी गार्ड, म्हणजे हा दोष रोखणारं कुलूप, फुकट मिळतं. तरी चूक राहू शकते हे मला मान्य आहे. जुलै 2023 मध्ये कर्व्ह या टोकन अदलाबदलीच्या मंचावरच्या काही पूलमधून, म्हणजे सामायिक साठ्यांतून, पैसे गेले तेव्हा ज्यांनी कोड लिहिला त्यांनी कुलूप घातलेलं होतं, पण व्हायपर भाषेतला कोड यंत्रासाठी भाषांतरित करणाऱ्या कंपायलरच्या काही जुन्या आवृत्त्यांत ते कुलूपच लागत नव्हतं. काळजी घेणाऱ्यालाही असा फटका बसतो. म्हणूनच मी चुकीबद्दल जितकं विचारते आहे त्याहून जास्त चुकीनंतरच्या तयारीबद्दल विचारते आहे. जे कोसळू शकतं असं तुम्हाला ठाऊक आहे, त्याच्यासाठी कोसळल्यानंतरचा कागद तुमच्या खणात का नव्हता?

आणि तपासणीचं काय? तुमच्या माहितीपत्रावर ‘ऑडिटेड’ असा हिरवा शिक्का आहे. डाओच्या वेळीही स्लॉक.इटने लोकांना सांगितलं होतं की नामवंत सुरक्षा कंपनीकडून पाच दिवस तपासणी करून घेतली आहे. पुढे मे महिन्याच्या अखेरीस, विक्री अजून चालू असतानाच, इथेरियममधल्या जाणत्या लोकांनी कोडमधल्या कच्च्या जागा दाखवल्या आणि डाओचं कामकाज काही काळ थांबवा असं जाहीरपणे सांगितलं. ते थांबवलं गेलं नाही. तुमच्या ऑडिटबद्दल मला इतकंच कळलं आहे की अहवाल एका आवृत्तीचा होता आणि पैसे ठेवले गेले दुसऱ्या आवृत्तीत, ज्यात मधल्या काळात नवी सोय जोडली होती. हे खरं असेल तर त्या शिक्क्याला काही अर्थ उरत नाही. सनदी लेखापालाने एका वर्षाचा ताळेबंद तपासला आणि कंपनीने तो पुढच्या वर्षाला जोडला, तर पणजीत पाटोवरच्या कंपन्यांच्या रजिस्ट्रारच्या कार्यालयात तो कोणी स्वीकारणार नाही.

आता 2016 मध्ये चोरीनंतर काय झालं ते पाहा, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे.

चोरलेलं इथर डाओच्याच नियमांप्रमाणे एका पोटफंडात गेलं होतं आणि तिथून ते सुमारे चार आठवडे बाहेर काढता येत नव्हतं. तेवढा वेळ मिळाला. काही सज्जन प्रोग्रामरांनी तेच भगदाड वापरून उरलेलं इथर सुरक्षित जागी हलवलं. चोरीचे पत्ते गोठवण्याचा एक उपाय पुढे आला, पण त्यामुळे सगळं नेटवर्कच हल्ल्याला उघडं पडेल असं दिसल्यावर जूनच्या अखेरीस तो सोडून द्यावा लागला. मग 20 जुलै 2016 ला, 19,20,000 क्रमांकाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्या नोंदवहीच्या पानावर, इथेरियमच्या बहुतेकांनी मिळून नियमच बदलले. डाओचं इथर एका परताव्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आणलं गेलं आणि 100 डाओ टोकनांमागे 1 इथर परत मिळू लागलं. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जुनीच साखळी, म्हणजे जुनी नोंदवही, चालू ठेवली. ती इथेरियम क्लासिक या नावाने आजही चालते.

मला विचाराल तर पैसे परत केले हे योग्य झालं. विरोध करणाऱ्यांचंही मला पटतं एवढ्यापुरतं की त्यांनी आपल्या तत्त्वाची किंमत स्वतः भरली. ते वेगळे झाले आणि कमी भावाची साखळी घेऊन बसले. पण त्याच गोष्टीचा दुसरा भाग विसरता येत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये पॅरिटी या वॉलेटच्या, म्हणजे इथर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सामायिक कोडवर कोणीतरी भलतीच आज्ञा चालवली आणि तो कोडच नाहीसा झाला. त्यावर विसंबून असलेली 5 लाखांहून जास्त इथर अडकून पडली. ती मोकळी करावीत असा प्रस्ताव 2018 मध्ये आला, चर्चा झाली, मतं घेतली गेली, आणि तो बारगळला. ते इथर आजही तिथेच आहे.

एकच नेटवर्क, दीड वर्षाच्या आत दोन संकटं. एकदा हात घातला, एकदा घातला नाही. दोन्ही वेळा निर्णय माणसांनी घेतला. कोणाची ओळख किती, कोणाचे पैसे किती अडकले, लोक आधीच्या भांडणाला किती कंटाळले होते, या सगळ्याचा त्यात वाटा होता. फोंडा तालुक्यातल्या चार-पाच गावांतून जमवलेल्या फंडासाठी सगळं इथेरियम थांबणार नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मोठ्या माशांसाठी जी वाट एकदा उघडली ती आपल्यासाठी उघडणार नाही, हे त्या हॉलमध्ये एकानेही सांगितलं नाही.

शिवाय तुमच्या फंडात हात घालता येत होता. त्याच मुलाने कोडमध्ये थांबवण्याची आज्ञा दाखवली. फंड गोठवण्यासाठी ठरावीक चाव्यांपैकी, म्हणजे डिजिटल सही करणाऱ्या गुप्त संकेतांपैकी, काहींच्या सह्या लागतात, अशी रचना आहे. चांगली रचना आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्या चाव्या कोणाकडे होत्या? त्या रात्री त्यातले किती जण जागे होते, कोण कुठल्या देशात होते? माझ्याकडे आलेल्या एकाही गुंतवणूकदाराला अशा चाव्या आहेत हेच ठाऊक नव्हतं. हल्ला सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती वेळ गेला, थांबवण्याची आज्ञा कधी दिली गेली, हा हिशेब साखळीवर मिनिटामिनिटाला नोंदलेला आहे; पहिला इशारा कोणाला मिळाला हे तुम्हालाच ठाऊक. तो मराठीत, कोकणीत, समजेल अशा भाषेत लिहून काढायला तुम्हाला अजून वेळ मिळालेला नाही.

‘कोड हाच कायदा’ या पहिल्या वाक्याबद्दलही बोलते. डाओच्या अटींतच लिहिलेलं होतं की इतर कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा साखळीवरचा कोड प्रमाण मानला जाईल. चोरीच्या दुसऱ्या दिवशी हल्लेखोराच्या नावाने एक पत्र प्रसिद्ध झालं. त्यात याच अटीवर बोट ठेवून म्हटलं होतं की मी कोडने दिलेली सोय वापरली, हे इथर माझं हक्काचं आहे, आणि कोणी ते काढून घेतलं तर मी कायदेशीर कारवाई करीन. ते पत्र खरोखर त्याचंच होतं हे कधी सिद्ध झालं नाही. पण तुमच्या गटावर तेच म्हणणं फंड चालवणाऱ्यांच्या तोंडून आलेलं वाचलं तेव्हा माझा संताप झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये संगणक यंत्रणेचा मालक किंवा ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय केलेल्या कृतींची यादी आहे, आणि कलम 66 त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. ‘यात कोणीच मालक नाही, आणि कोडने परवानगी दिली’ असं तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंत, तर उद्या आरोपीचा वकील तुमचाच संदेश न्यायालयात वाचून दाखवील. तुमच्या गुंतवणूकदारांची फिर्याद तुम्ही स्वतःच्या हाताने लंगडी करत आहात. तो संदेश मागे घ्या. आजच घ्या.

गट बंद केल्याचा परिणाम तुमच्यापर्यंत पोचला आहे की नाही, मला माहीत नाही. सावईवेऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका माझ्याकडे येतात. सगळा गाव त्यांना बाई म्हणतो, मीही बाईच म्हणते. गट बंद झाल्यावर आठवड्याभरात त्यांना दुसऱ्या एका गटात कोणीतरी घातलं. चिन्ह तुमच्या फंडाचं, नाव तुमच्या फंडाचं, पुढे ‘परतावा नोंदणी’. खाली दुवा. दुव्यावर बारा चौकोन, वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, भरायला. बाईंनी ते शब्द घरातल्या कालनिर्णयाच्या एका पानामागे नीट अक्षरात लिहून ठेवले होते, ते पान फाडून त्या घेऊन आल्या होत्या. “अगो, डोळ्यांना नीट दिसत नाही, एवढे शब्द घालून दे. मुदत उद्यापर्यंतच आहे म्हणतात.” मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला म्हणून त्या वॉलेटमध्ये उरलेलं वाचलं. कुर्टीच्या एका दुकानदाराकडे शब्द मागितले नव्हते, फक्त एका बटणावर मंजुरी मागितली होती. त्याने ती दिली आणि त्याच्या दुसऱ्या टोकनांवरही पाणी पडलं.

चोरीनंतर अशी टोळधाड येतेच. परतावा मिळवून देणारे, वसुली करून देणारे, ‘आमचा माणूस आत आहे’ म्हणणारे. त्यांना रान मोकळं मिळतं ते खरा आवाज गप्प असतो म्हणून. रोज संध्याकाळी एक ओळ लिहिली असती, ‘आज नवीन काही नाही, आम्ही कुठलाही दुवा पाठवलेला नाही, बारा शब्द कोणी मागितले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा’, तर कुर्टीचा तो माणूस वाचला असता. त्यासाठी वकिलाचा सल्ला लागत नव्हता.

आता परताव्याविषयी. तुम्ही काही रक्कम उभी करून वाटणार आहात असं कानावर येतं. तसं असेल तर चांगलंच आहे. पण कोणाला आणि कशाच्या आधारावर, हे वाटण्याआधी ठरवा आणि जाहीर करा. डाओच्या वेळी परतावा टोकन ज्याच्या हातात त्याला मिळाला. घाबरून मधल्या काळात स्वस्तात विकून मोकळा झालेला माणूस हात हलवत बसला, आणि धोका पत्करून स्वस्तात घेणाऱ्याचं फावलं. तुमच्याही टोकनांची हल्ल्यानंतर मातीमोल भावाने खरेदी चालू आहे. कोण घेतं आहे? आत काय शिजतं आहे हे ज्यांना ठाऊक आहे असे लोक घेत असतील, तर ही दुसरी लूट होईल, आणि तिला तुम्ही हॅकरचं नाव देऊ शकणार नाही. माझ्या मते हिशेब हल्ल्याच्या आधीच्या ब्लॉकवर धरावा. त्या क्षणी ज्याच्या पत्त्यावर टोकन होते त्याचं नुकसान झालं, मग त्याने पुढे विकले असोत वा नसोत. विकून आलेली रक्कम वजा करा हवी तर. यावर वेगळं मत असू शकतं, पण मत मांडायला जागा हवी, आणि ती जागा तुम्ही बंद केली आहे. फंड उभारताना सगळे निर्णय मतांनी होतील म्हणालात. सगळ्यात मोठा निर्णय समोर आहे आणि मतदानाचं नाव नाही.

मतदानाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक आठवण देते. 25 जुलै 2017 ला अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या रोखेबाजाराच्या नियामकाने, डाओवर आपला अहवाल काढला. त्यांनी कोणावर खटला भरला नाही, पण डाओचे टोकन म्हणजे रोखेच आहेत आणि त्यांना रोख्यांचे कायदे लागू होतात, असं स्पष्ट म्हटलं. मत देण्याचा अधिकार होता ना, मग गुंतवणूकदारच मालक, हा बचाव त्यांनी मानला नाही. प्रस्ताव कोणते पुढे येणार हे निवडक लोक ठरवत होते, आणि हजारो अनोळखी, विखुरलेल्या टोकनधारकांच्या मताला खऱ्या अर्थाने काही वजन नव्हतं. तो परदेशातला कायदा, इथे तो चालत नाही. पण वर्णन वाचून बघा आणि ते तुमच्या फंडाला किती लागू पडतं ते स्वतःच ठरवा.

आपल्याकडे काय आहे? 1 एप्रिल 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही. त्याच वर्षी 1 जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस आला. 7 मार्च 2023 पासून या मालमत्तेचे व्यवहार करून देणाऱ्या सेवा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो. तुम्ही कधी कळवलंत, हे एकदा सांगून टाका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची समजूत होती की सरकार कर घेतं म्हणजे योजना सरकारमान्य. ही समजूत चुकीची आहे, आणि तुमच्या माहितीपत्रात कराची टक्केवारी ठळक अक्षरात छापून ती पक्की केली गेली. कर भरल्याने पैशाला कुठलंही संरक्षण मिळत नाही.

बँकेचं उदाहरण आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोरचं आहे. म्हापसा अर्बनचा परवाना 2020 मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा 2021 मध्ये. ठेवीदारांनी किती हालअपेष्टा सोसल्या ते गोव्याला सांगायला नको. पण तिथे बँकेचा हिशेब मिटवणारा अवसायक नेमला गेला, जाऊन भेटता येईल असं कार्यालय होतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता. तुमच्या फंडात पैसे घालणाऱ्या बाईंना यातलं एकही नाही. विमा तुम्ही देऊ शकत नाही हे मी समजू शकते. भेटायला एक माणूस तरी द्या, नावाचा, पत्त्याचा, ठरल्या वेळी खुर्चीत बसणारा.

तुमच्यातले बरेच जण इथलेच आहेत. काही फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, काही जण पणजीत किंवा आसगावला बसून साऱ्या जगासाठी कोड लिहितात. मला त्याचं कौतुक आहे आणि ते मनापासून आहे. आपल्या मुलांनी जहाजाची किंवा पोर्तुगालच्या पासपोर्टची वाट न धरता इथे राहून असं काम करावं असं मलाही वाटतं. म्हणूनच लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. मार्दोळचा अमक्याचा मुलगा आहे, शिरोड्याच्या तमक्याची भाची आहे, एवढ्यावर आयुष्यभराची पुंजी दिली गेली. कोडवर विश्वास ठेवणारा माझ्या ओळखीत एकही नव्हता. त्यांनी तुमच्यावर ठेवला.

पुढचा फंड उभारायचा असेल तर अगदी साधा, दोन पानांचा कागद पुरे. चाव्या कोणाच्या हातात आहेत, किती सह्यांवर फंड थांबतो, कोड बदलता येतो का आणि बदलण्याआधी किती दिवस सभासदांना कळवलं जाईल, ऑडिट नेमक्या कुठल्या आवृत्तीचं आहे, आणि चोरी झाली तर उरलेल्या पैशाची वाटणी कुठल्या ब्लॉकच्या हिशेबाने होईल. शेवटी गोव्यातल्या राहत्या पत्त्यासह सही. ज्याला ही सही करायची भीती वाटते त्याने दुसऱ्याचे पैसे घेऊ नयेत.

मागच्या फंडासाठी मात्र एक काम तातडीने हवं आहे. हल्ल्याच्या आधीच्या ब्लॉकवर प्रत्येकाच्या नावावर किती टोकन होते, ते त्याने कोणत्या तारखेला किती रुपयांना घेतले आणि हल्ल्यात किती गेले, याचा सहीशिक्क्याचा दाखला प्रत्येक सभासदाला द्या. बऱ्याच व्यक्तींची विवरणपत्रं साधारणपणे 31 जुलैपर्यंत भरायची असतात आणि त्यात या मालमत्तेची माहिती वेगळी द्यावी लागते. स्क्रीनशॉटवर ती भरता येत नाही, पोलिसांकडच्या तक्रारीलाही तो दाखला जोडावा लागेल. नमुना हवा असेल तर मी मराठीत करून देते, त्याचे पैसे नकोत. ज्यांना पोस्टाने पाठवणं जमणार नाही त्यांचे दाखले माझ्या कार्यालयात आणून द्या, मी ज्याचे त्याला पोचवीन. बाईंचा पहिला काढा, त्यांच्याकडे संगणक नाही.

आपली,
फोंड्यातील एक कर सल्लागार